कोकणात घरांचं एनर्जी ऑडिट शिकायचं तर

प्रश्न असा आला आहे: विद्युत शाखेचा डिप्लोमा झालाय, तीन वर्षं रत्नागिरीच्या एका कंत्राटदाराकडे वायरिंगची कामं करतोय, मूळ गाव गुहागर तालुक्यात. परदेशातल्या ‘होम एनर्जी असेसर’च्या, म्हणजे घरात ऊर्जा कुठे वाया जाते ते मोजणाऱ्याच्या, ऑनलाइन कोर्सची जाहिरात पाहिली, फी बरीच आहे. तो करावा का, इथे त्याचं काम मिळेल का, आणि गावात राहून पोट भरेल का?

कोर्सचा प्रश्न आधी निकालात काढते. पैसे भरू नका, निदान आता तरी नाही. ब्रिटनमध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र लागतं. ही पद्धत तिथे २००७ पासून सुरू झाली आणि ते प्रमाणपत्र मान्यताप्राप्त असेसरनेच द्यायचं असतं. म्हणून तिथे तो स्वतंत्र पेशा आहे. अमेरिकेत बीपीआय आणि रेसनेट या संस्थांची प्रमाणपत्रं चालतात. आपल्याकडे राहत्या घराचं ऑडिट करून घेण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऑडिटची सक्ती केली ती मोठ्या उद्योगांवर. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती ऊर्जा बचतीच्या इमारत संहितेच्या कक्षेत आल्या, पण त्या १०० किलोवॅट जोडभाराच्या वरच्या. गुहागरच्या वाडीतलं घर त्यात बसत नाही. म्हणजे तुमच्या दारात गिऱ्हाईक येईल ते बिल परवडेनासं झालं म्हणून किंवा घरात उकाडा सहन होईना म्हणून. सर्टिफिकेट बघून कोणी येणार नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ते कोर्स थंड हवेच्या घरांसाठी आखलेले असतात. तिथे दाराला पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबफरक तयार करतात आणि फटींतून किती हवा जाते ते मोजतात, कारण तिथे पैसे जातात ते गरम केलेली हवा बाहेर निसटते म्हणून. आपल्या कौलारू घराला ही चाचणी लावून काय मिळणार? कौलांच्या सांध्यातून आणि झरोक्यातून जी हवा खेळते तिच्यावरच ते घर राहण्याजोगं आहे. निवासी इमारतींसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (बीईई) २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली. तिच्यात उष्ण-दमट हवामानासाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के असावं असं म्हटलंय. सगळ्या हवामान विभागांत हा आकडा आपलाच सर्वांत मोठा आहे. फटी बुजवायचं शिक्षण घेऊन कोकणात आलात तर एसीच्या खोल्यांपुरतं ते उपयोगी पडेल, बाकी घराचं नुकसान कराल.

मग शिकायचं काय? माझ्या मते या धंद्याचा गाभा एकच आहे. घरात मोजलेली युनिटं आणि बिलावरची युनिटं यांचा मेळ घालता आला पाहिजे. तो बसला नाही तर का बसला नाही, ते शोधता आलं पाहिजे. बाकीचं सगळं त्याभोवती येतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण यात तुमच्या वायरिंगच्या अनुभवाचाही उपयोग दिसेल. चिरेबंदी घर, पुढे पडवी, मागे माडा-पोफळीची बाग, विहिरीवर पंप. माणसं चार, एसी नाही, अंघोळीचं पाणी चुलीवर. बिल महिन्याला ३१० युनिट, म्हणजे दिवसाला साधारण १०.३. घरमालकाचा संशय मीटरवर, मीटर बदलून घ्यायचा विचार चाललेला.

फ्रिजला प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर चोवीस तास लावून ठेवलं: २.४ युनिट. पंप १०५० वॉट ओढत होता आणि रोज दीड तास चालायचा: जवळपास १.६. पाच पंखे, जुने ७५ वॉटचे, सरासरी दहा तास: ३.७५. दिवे, टीव्ही, मिक्सर मिळून ०.९. बेरीज ८.६५. दिवसाला दीड युनिटापेक्षा जास्त कुठे जातंय याचा पत्ता नाही. अशा वेळी ‘किरकोळ वापर’ असं लिहून रकाना बंद करायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण हाच फरक बोलका असतो.

घरातली प्रत्येक गोष्ट बंद केली, प्लगही उपसले, मेन मात्र चालू ठेवला आणि मीटरपाशी उभी राहिले. मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे लाल दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं, इथे ३२०० होते. सगळं बंद असताना लाल दिवा लुकलुकायलाच नको. इथे तो दर सोळा सेकंदांनी लुकलुकत होता. हिशोब सोपा आहे: ३६ लाखांना पल्सच्या आकड्याने भागा, मग सेकंदांनी भागा, उत्तर वॉटमध्ये येतं. ३६ लाख भागिले ३२०० भागिले १६, म्हणजे ७० वॉट. चोवीस तासांत १.७ युनिट. गळती सापडली, आता जागा शोधायची. टाँग टेस्टरच्या, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायच्या मीटरच्या, जबड्यात फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले की निरोगी घरात काटा शून्यावर असतो, कारण गेलेला करंट परत आलेला असतो. इथे ०.३ अँपियर दिसत होता. तेवढा करंट जमिनीत जात होता. एकेक सर्किट सोडवत गेल्यावर विहिरीकडे जाणारी केबल निघाली. पाइप न घालता मातीत पुरलेली, माडाच्या आळ्याखालून नेलेली, आणि पाण्याने तिचं इन्सुलेशन गेलेलं. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागताच वीज तोडणारा स्विच, नव्हताच. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असता तर त्याने पहिल्याच दिवशी मेन पाडला असता. वीज वाचली ही गोष्ट खरी, पण त्या घरातली बाईमाणसं रोज ओल्या पायांनी त्या विहिरीवर जात होती. ऑडिट करणाऱ्याने अर्थिंग आणि गळती तपासल्याशिवाय घराबाहेर पडू नये, हा माझा आग्रह तेव्हापासूनचा नाही, आधीपासूनचा आहे. पावसाळ्यात कोकणात विजेच्या धक्क्याने माणसं दगावतात, आणि आपण टेस्टर हातात घेऊन घरात आलेलो असतो.

त्याच घरातला पंप बघा. हजार लिटरची टाकी भरायला वीस मिनिटं, विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उंची १५ मीटर. हजार किलो गुणिले ९.८१ गुणिले १५, भागिले १२०० सेकंद: १२३ वॉट. पंप ओढतो १०५० वॉट आणि त्यातले १२३ पाणी चढवण्यात कामी येतात, म्हणजे १२ टक्के. घरगुती मोनोब्लॉककडून मी याच्या दुप्पट-तिप्पट अपेक्षा ठेवते. पंप लगेच बदलायला सांगू नका. फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप) चोक आहे का, सक्शनचा पाइप मधेच बारीक केलाय का, किती एल्बो टाकलेत, हे बघा. बागेत पाइप फिरवताना काटकोनी एल्बो टाकत जातात आणि प्रत्येक एल्बो पंपाला जड पडतो. रेतीने इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलेला असेल तर तो बदलायला लागतो, पण तेही पूर्ण पंपापेक्षा स्वस्त. इथे फूटव्हॉल्व्ह आणि पाइप दुरुस्त केल्यावर टाकी भरायची वेळ निम्म्याच्या जवळ आली. कोकणातल्या घरात पंप हा मोठा खर्च असतो आणि परदेशी अभ्यासक्रमात त्याचं नावही नसतं.

पंख्यांचं थोडक्यात. ७५ वॉटच्या जागी ३० वॉटचा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा पंखा) घेतला तर पाच पंख्यांवर दहा तासांत सव्वादोन युनिट वाचतात. पण एकदम पाचही बदलायला लावू नका. रात्रभर चालणारे दोन आधी. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, वीज कडाडते, खारी हवा सर्किटला लागते. सर्ज प्रोटेक्शन नसेल तर पहिल्याच पावसात एखादा बोर्ड जातो आणि मग माणूस म्हणतो की हे नवीन पंखेच वाईट. शिवाय बचतीची किंमत काढताना सरासरी दर धरू नका. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो आणि वाचलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातलं असतं. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. महावितरणचं बिल ओळ न् ओळ समजावता येणं ही तुमची पहिली परीक्षा समजा. बरेच इंजिनियर तिथेच अडखळतात.

आता उकाड्याकडे येते, कारण एप्रिल-मेमध्ये तुम्हाला बोलावणारा माणूस बिलापेक्षा उकाड्यानेच त्रासलेला असतो. गावोगाव कौलं उतरवून स्लॅब पडले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोली पट्ट्यावरून गेलं, तेव्हा कौलं आणि पत्रे उडालेले पाहून पुष्कळांनी पुन्हा कौल नको म्हटलं, आणि त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण सहा इंची उघड्या स्लॅबचं यू मूल्य, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता वॉटमध्ये, सव्वातीनच्या आसपास येतं, आणि इको निवास संहिता छपरासाठी १.२ ची मर्यादा सांगते. याचा अर्थ हातात धरून बघा. बाहेरचं तापमान, ऊन धरून, ६० अंश आणि आत ३२ असेल तर स्थिर अवस्थेच्या हिशोबाने दर चौरस मीटरला ९० वॉट उष्णता खाली उतरते. दहा बाय दहाच्या खोलीला हे साडेआठशे वॉट, म्हणजे एक छोटी शेगडी. ती उष्णता स्लॅबमधून खाली पोचायला चार-पाच तास घेते, म्हणून दुपारी तीनपेक्षा रात्री आठ-नऊला ती खोली असह्य होते. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन संध्याकाळी सात वाजता त्या माणसाला स्लॅबच्या खालच्या बाजूचा आकडा दाखवा आणि शेजारी भिंतीचा दाखवा. मग वेगळं काही पटवायला लागत नाही.

उपाय काय? दीड-दोन इंच थर्मोकोल किंवा फोमचं इन्सुलेशन स्लॅबच्या वरून घातलं तर यू मूल्य ०.७ च्या खाली येऊ शकतं. पण कोकणात वरून काहीही घालायचं तर आधी वॉटरप्रूफिंग. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या स्लॅबवर चुकीचा थर टाकला तर पाणी त्याच्याखाली अडकतं आणि सळ्या गंजतात. म्हणून गळतीसाठी लोक स्लॅबवर पत्र्याची शेड मारतात ना, मला ती पुष्कळदा सर्वांत चांगली तोड वाटते. स्लॅब सावलीत आला, मध्ये वारा वाहिला, की अर्धं काम झालं. फक्त दोन बाजू मोकळ्या राहू द्यायला सांगा आणि वादळाचा वारा धरून पाइपांचे पाय स्लॅबला नीट बांधून घ्या. शेडला चारी बाजूंनी पत्रे मारून अडगळीची खोली केली की वारा बंद, आणि पत्र्याची गरमी स्लॅबवर उतरायला लागते.

पावसाळ्यातलं ऑडिट हे वेगळंच प्रकरण आहे आणि ते शिकल्याशिवाय स्वतःला कोकणातला ऑडिटर म्हणवून घेऊ नका. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या जवळपास असतो. कुठलाही पृष्ठभाग त्याच्या खाली गेला की ओला होणार. आता होमस्टेच्या खोलीत पाहुण्याने एसी २० वर ठेवला, तर शेजारच्या बिनएसीच्या खोलीतली मधली भिंत थंड पडते आणि त्या बाजूने तिला पाणी सुटतं. आठवड्याभरात बुरशी. मालक रंगाऱ्याला बोलावतो, रंगारी वॉटरप्रूफ रंग लावतो, पुढच्या वर्षी तेच. गळती कुठेच नसते. एसी २६ वर आणि पंखा चालू एवढ्याने ते थांबतं, आणि बिलही उतरतं. म्हणून पिशवीत साधा आर्द्रतामापक हवाच. किंमत नगण्य, पण त्याच्याइतकं काम महागड्या थर्मल कॅमेऱ्यानेही कोकणात होत नाही. समुद्रकाठच्या एसीचं बाहेरचं युनिटही उघडून बघत जा. खाऱ्या वाऱ्याने कॉइलच्या पातळ पट्ट्या बोटाने चुरा होतील इतक्या खाल्लेल्या असतात, आणि पाच स्टारचं मशिन दोन स्टारचं काम करत असतं.

शिक्षणाचा क्रम विचाराल तर मी असा सांगेन. बीईईच्या ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षेची चार मार्गदर्शक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ती उतरवून घ्या आणि तिसरं, विजेच्या यंत्रणांचं, आधी वाचा. तुमचा हात तिथे बसलेला आहे. दुसरं पुस्तक बॉयलर-भट्ट्यांचं आहे, घरांशी त्याचा संबंध थोडा, पण उष्णता कशी वाहते याचा पाया तिथेच पक्का होतो. परीक्षेला बसायला पदवीधर इंजिनियरला तीन वर्षं आणि डिप्लोमावाल्याला सहा वर्षं ऊर्जावापराशी संबंधित कामाचा अनुभव लागतो. तुमची तीन झाली, तीन राहिली. ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर, लेखापरीक्षकासाठी चौथाही. घरांसाठी ही परीक्षा सक्तीची नाही. तरी मी ती द्या म्हणते, कारण हॉटेल, आंबा प्रक्रिया, बर्फाचा कारखाना, शीतगृह ही कामं त्या शिक्क्यावर मिळतात. तोवर इको निवास संहिता वाचा, ती घरासाठीच लिहिलेली आहे. वायरमन परवाना किंवा पर्यवेक्षक परवाना काढला नसेल तर काढा, नाहीतर बोर्ड उघडायचा हक्क सांगता येणार नाही.

आणि मोजायला लागा. स्वतःचं घर, मामाचं घर, कंत्राटदाराच्या गिऱ्हाइकांपैकी जो हो म्हणेल त्याचं. एकच घर मेमध्ये, जुलैत आणि डिसेंबरमध्ये मोजा. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो आलेखावर मांडा आणि प्रत्येक चढउताराला कारण लिहा: गणपतीला मुंबईची माणसं आली, मे महिन्यात बागेचं शिपणं (पाणी देणं) वाढलं, दिवाळीत फ्रिज बदलला. कारण सापडत नाही असे महिने राहिले तर घरातल्या बाईला विचारा. पंप कधी लावतात, पाणी कधी तापवतात, हे तिलाच ठाऊक असतं. घरमालक बिल किती आलं ते सांगतो, वापराचं वेळापत्रक तिच्याकडे असतं.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. ज्या घराचं ऑडिट कराल तिथे पंखे, सोलर, इन्व्हर्टर काही विकू नका, कमिशनही घेऊ नका. सध्या सोलरची लाट आहे. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅटला कमाल ७८ हजार अनुदान मिळतं, म्हणून विक्रेता तीन किलोवॅटच गळ्यात मारतो. वर सांगितलेलं विहिरीचं घर घ्या. रोजचे दहा युनिट बघून कोणीही तिथे तीनच सांगितले असते. गळती, पंप, पंखे आणि फ्रिजचं सैल रबर एवढं झाल्यावर तिथे रोजचा वापर साडेपाचच्या आत येतो. एक किलोवॅटमागे वर्षाची सरासरी रोजी चार युनिट धरा, म्हणजे दीड-दोन किलोवॅट पुरे. शिवाय माडाची सावली दहा वाजता कुठे पडते आणि तीनला कुठे, हे छतावर उभं राहून कोणीतरी बघायला हवं. तो माणूस विक्रेत्याचा नको, घरमालकाचा हवा. तुम्ही एकदा कमिशन घेतलंत की तुमचा आकडा त्याला खरा वाटणार नाही, आणि छोट्या तालुक्यात ही बातमी बाजारपेठेत संध्याकाळपर्यंत पोचते.

राहिला पोटाचा प्रश्न. नुसत्या घरांच्या ऑडिटवर गुहागरात संसार चालेल असं मी म्हणणार नाही. घरमालक एकदाच पैसे देतो आणि तेही घासाघीस करून. नियमित पैसे देतात ते होमस्टे आणि कृषी पर्यटनवाले, कारण त्यांचं एसीचं बिल सरळ नफ्यातून जातं. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर, दापोली, अलिबाग या पट्ट्यात ती मागणी आहे. दुसरं, चिपळूण-रत्नागिरीतल्या सोसायट्या: पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे, तीन गोष्टींत ऑडिट संपतं आणि दरवर्षी पुन्हा बोलावणं येतं. तिसरं, चाकरमान्यांची बंद घरं. मालक मुंबईत, घर शिमगा-गणपतीला उघडतं, बिल मात्र दर महिन्याला. आत फ्रिज चालू राहिलाय, इन्व्हर्टर बॅटरी शिजवतोय की रीडिंग न घेताच सरासरी बिल येतंय, हे कोणीतरी जाऊन बघून फोटो आणि आकडे पाठवले तर लोक आनंदाने पैसे देतात. हे काम उद्यापासून करता येईल इतकं तुमच्या हातात आहे. पहिली दोन-तीन वर्षं वायरिंग सोडू नका. तीच तुम्हाला घरांत नेते.

अहवाल मराठीत द्या, दोन पानांत. पहिल्या पानावर धोक्याच्या गोष्टी, मग फुकट होणाऱ्या, मग पैसे लागणाऱ्या, आणि प्रत्येकीपुढे किती महिन्यांत पैसे फिटतील ते. हिशोबाची पानं मागे जोडा, मागितली तर दाखवायला.

आणि आत्ताच एक करून ठेवा. सध्याच्या कंत्राटदाराकडून अनुभवाचं पत्र घ्या. त्यात ‘वायरिंगचं काम केलं’ एवढंच नको, विद्युत यंत्रणांची देखभाल, भाराचं मोजमाप, पंप आणि मोटरींची तपासणी असं जे तुम्ही खरोखर केलंय ते तारखांसह लिहून सही-शिक्का घ्या. सहा वर्षं भरल्यावर परीक्षेचा अर्ज करताना जुना मालक गाठणं आणि त्याच्याकडून असं पत्र मिळवणं फार कठीण जातं.